एरे आणि माळ : बेळगावच्या पूर्वेचा सपाट मुलूख

बेळगावहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत उजव्या हाताची खिडकी मिळाली की पूर्वेकडचा मुलूख दिसत राहतो. माझे आजोळ अथणी तालुक्यातले, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत हा प्रवास ठरलेला असे. बेळगाव सोडताना कौलांवर शेवाळ आणि परसात फणस असायचा. पाच्छापूर, गोकाक रोड, घटप्रभा ही स्थानके मागे पडता पडता झाडी विरळ होत जायची, आणि रायबाग ओलांडून गाडी कुडचीकडे निघाली की क्षितिजापर्यंत नजरेला अडथळा म्हणून राहायचा नाही. आई म्हणायची, "आता काय बघायचं हाय तिकडं, नुसता माळ." मग मीही खिडकी सोडून फराळाचा डबा उघडायचो. त्या "नुसता"मध्ये केवढी चूक होती, हे कळायला मला पुढची तीसेक वर्षे लागली.

बेळगाव जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला तर नैऋत्य कोपऱ्यात खानापूर तालुक्यातले कणकुंबी आहे आणि ईशान्य टोकाला अथणी. दोहोंमध्ये सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर असेल. कणकुंबीला सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर अथणीला पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी लोक बरे वर्ष म्हणतात. अरबी समुद्रावरून आलेले ढग घाट चढताना आपले बहुतेक पाणी तिथेच सांडतात, आणि माथा ओलांडून पूर्वेला उतरणारी हवा उतरता उतरता तापते व कोरडी होते. पर्जन्यछाया म्हणतात ती हीच. जून-जुलैत आजोळी नुसता वारा असतो. ढग डोक्यावरून धावत जातात आणि अंगणातल्या दोरीवरचे कपडे वाळतात. तिथला खरा पाऊस परतीचा, हस्त-चित्रा नक्षत्रांचा. कन्नडमध्ये पश्चिमेच्या ओल्या पट्ट्याला मलनाड आणि पूर्वेच्या या उघड्या मुलखाला बयलुसीमे म्हणतात. बयलु म्हणजे मोकळे मैदान. आपल्याकडचे मराठी लोकही बोलताना हे शब्द सर्रास वापरतात.

हा मुलूख सपाट असला तरी सखल नाही. समुद्रसपाटीपासून तो पाच-सहाशे मीटर उंचीवर आहे, म्हणजे भूगोलाच्या पुस्तकात तो पठारातच मोडतो. पण पठारावर उभ्या असलेल्या माणसाला ते मैदानच दिसते. उतार आहे तो पूर्वेला, आणि इतका सौम्य की डोळ्याला जाणवत नाही, फक्त नद्यांना कळतो. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, घटप्रभा चंदगडकडच्या डोंगरांत, कृष्णा महाबळेश्वरला. तिघींचाही जन्म अरबी समुद्राच्या इतका जवळ होतो आणि तरीही तिघी त्याच्याकडे पाठ फिरवून बंगालच्या उपसागराची वाट धरतात. पुढे बागलकोट जिल्ह्यात घटप्रभा आणि मलप्रभा दोन्ही कृष्णेला मिळतात, मलप्रभा मिळते ती कूडलसंगमाला.

सौम्य उताराची किंमत पुरात कळते. घाटावरून आलेले पाणी इथे पोचल्यावर त्याला घाई राहत नाही. ते पसरते आणि मग दिवसेंदिवस उतरत नाही. 2005, 2019 आणि 2021 साली चिकोडी, निपाणी, कागवाड, अथणी, रायबाग या भागांत हेच झाले. 2019च्या ऑगस्टमध्ये रायबाग तालुक्यात पुराने वेढलेल्या एका घराच्या छपरावर मगर विसावलेली असल्याचे चित्रण देशभर पाहिले गेले आणि लोकांनी त्याचा विनोद केला. कृष्णाकाठच्या माणसांना त्यात नवल वाटले नाही, कारण मगर या नदीची जुनी रहिवासी आहे. एरवी ती डोहात आणि काठच्या मळीवर ऊन खात पडते. मळीच पाण्याखाली गेल्यावर तिलाही उंचवटा हवाच होता.

जमीन मात्र सगळीकडे सारखी नाही, आणि मला सांगायचे आहे ते खरे इथून सुरू होते. नदीकाठाला आणि सखल पट्ट्यात काळी जमीन आहे. कन्नडमध्ये तिला एरे म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थराथराने पसरलेल्या लाव्ह्याचा जो काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट, झाला, त्याच्या झिजण्यातून ही माती तयार झाली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाने आकसते. एप्रिलमध्ये शेतात फिरले तर भेगांत कोपरापर्यंत हात जातो. हस्ताचा पाऊस झाला की भेगा बुजतात, माती ओल धरून ठेवते आणि त्या साठवलेल्या ओलीवर, पुढे थेंब पडला नाही तरी, शाळू, हरभरा आणि करडई येते. पिके पाण्यावर नव्हे तर पाण्याच्या आठवणीवर येतात, असे मामा म्हणत. शेजारच्या विजयपूर जिल्ह्यातून वाहणाऱ्या डोण नदीच्या खोऱ्याबद्दल जुनी माणसे सांगत, "डोण पिकली तर खाणार कोण, आणि न पिकली तर खाणार कोण." पिकली तर संपता संपत नाही, न पिकली तर खायला माणूसच उरत नाही.

हीच फुगणारी-आकसणारी माती झाडांना मात्र सोसत नाही. कोवळी मुळे भेगा पडताना तुटतात. म्हणूनच काळ्या रानात बांधावर एखादी बाभूळ किंवा निंब दिसतो, राई दिसत नाही. बिळे करणाऱ्या प्राण्यांचीही तीच अडचण आहे, कारण या मातीत खणलेले बीळ पहिल्याच पावसाळ्यात ढासळते. खोकड, लांडगा, साळिंदर यांची घरे त्यामुळे एरेत नसतात. ती असतात माळावर.

माळ म्हणजे दोन नद्यांच्या मधला उंचवटा. तिथे काळ्या पाषाणावर वीतभर मुरूम, मध्ये मध्ये उघडा खडक, त्यावर कुसळी आणि मारवेल गवत, तरवडाची पिवळी फुले, बोरीची झुडपे आणि एखादा हिवर. पावसाळ्यानंतर दोन महिने हा माळ गुडघाभर हिरवा असतो, मग पिवळा, मग जवळजवळ काहीच नसल्यासारखा. गोकाकच्या आसपास खडकच बदलतो. तिथे बसाल्टहून कितीतरी जुना, शंभर कोटी वर्षांहूनही अधिक वयाचा वालुकाश्म उघडा पडला आहे आणि घटप्रभा त्याच्या कड्यावरून 52 मीटर खाली झेपावते. गोकाकचा धबधबा सगळ्यांनी पाहिलेला असतो, म्हणून त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

या दोन जमिनींवर राहणारा सर्वांत मोठा पक्षी आज इथे नाही, पण त्याच्या नावात हा सगळा भूगोल आहे. मराठीत त्याला माळढोक म्हणतात, माळावरचा ढोक. कन्नडमध्ये त्याचे एक नाव एरेभूत असे आहे, म्हणजे काळ्या रानातले भूत. पिकात मीटरभर उंचीचा, तपकिरी अंगाचा आणि पांढऱ्या मानेचा पक्षी निश्चल उभा असेल आणि माणूस जवळ येताच दिसेनासा होत असेल, तर त्याला भूत म्हणणारा शेतकरी किती नेमके पाहत होता! एका भाषेने त्याला माळाचा म्हटले, दुसरीने एरेचा. दोन्ही बरोबर होते, कारण माळढोक अंडे घालतो माळावरच्या गवतात, उघड्या जमिनीवर, बहुधा एकच. आणि खायला उतरतो आसपासच्या कोरडवाहू रानात, टोळ, नाकतोडे, हरभरा आणि बोरे टिपायला. दोन्ही शेजारी शेजारी असल्याखेरीज त्याचा संसार चालत नाही. आता देशभरात रानातले माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत, त्यांतले बहुतेक राजस्थानात. कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यातल्या सिरुगुप्पाकडे मोजकेच दिसतात.

काळविटाचे दैव थोडे बरे आहे. त्याला उत्तर कर्नाटकात चिगरी म्हणतात. हुबळी-धारवाडच्या जलद बसगाड्यांना हेच नाव दिले आहे, आणि धावण्याचा विचार करता नाव चुकलेले नाही. हावेरी जिल्ह्यातल्या राणेबेन्नूरला 1974 साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. गदग-कोप्पळकडच्या काळ्या रानात आजही त्यांचे कळप हरभऱ्यात शिरतात आणि शेतकरी रात्र रात्र राखण करतात. काळविटाचे कौतुक करताना ही राखण विसरू नये, असे मला वाटते. चिंकारा हा त्याचा लहानखुरा भाऊ अधिक खडकाळ, झुडपी माळ पसंत करतो. बागलकोट जिल्ह्यात मुधोळ-बिळगी तालुक्यांत यडहळ्ळी येथे 2016 साली सुमारे 96 चौरस किलोमीटरचे चिंकारा अभयारण्य जाहीर झाले, आणि ते आमच्या आजोळापासून फार लांब नाही.

मुधोळचे नाव निघाले म्हणून सांगतो. मुधोळच्या घोरपडे घराण्यातील मालोजीराव राजांनी जोपासलेले मुधोळ कुत्रे, ज्याला कारवान असेही म्हणतात, हे याच सपाटीचे अपत्य आहे. लांब पाय, खोल छाती, खपाटीला गेलेले पोट. ते वासावर नव्हे, नजरेवर शिकार करते. ससा दिसला की त्याच्यामागे सुटते. दाट जंगलात असल्या कुत्र्याचा काय उपयोग? जिथे मैलभर नजर पोचते तिथेच त्याची गरज पडली. 2005 साली टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. ज्या घराण्याने हे कुत्रे वाढवले त्याचे आडनाव घोरपडीवरून आले, आणि घोरपडही याच माळाची रहिवासी, हा योगायोग मला फार आवडतो.

लहान जिवांत माळाचा राजा म्हणावा तो सरडा. बागेतला नव्हे, माळावरचा, गळ्याला पंखा असलेला. वैशाखात दगडावर चढून नर गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो आणि मिटतो, आणि त्या मातकट अंगातून निळा, काळा, नारिंगी असे रंग चमकून जातात. संशोधकांनी 2016 साली या सरड्यांच्या एका गटाला स्वतंत्र प्रजाती (इंग्रजीत जीनस, म्हणजे जवळच्या जातींचे कूळ) म्हणून मान्यता दिली, तेव्हा तिचे शास्त्रीय नावच 'सरडा' असे ठेवले, आपल्या मराठी शब्दावरून. त्यांतली एक जात दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात सापडते. जगातला कोणताही प्राणिशास्त्रज्ञ तिचे नाव घेताना आता मराठी बोलतो, आणि आपण मात्र तिला दगड मारत मोठे झालो.

पक्ष्यांबद्दल लिहायला लागलो तर हात आवरणार नाही, म्हणून तीनच सांगतो. पखुर्डी ही कबुतराएवढी, माळाच्या रंगाची. दिवसभर दिसत नाही, पण सकाळी ठरल्या वेळी थवा बोलत बोलत पाणवठ्यावर येतो. पिल्ले लहान असताना नर पोटाची पिसे पाण्यात भिजवतो आणि ते पाणी उडत नेऊन पिल्लांना पाजतो. धाविक हा दुसरा, टिटवीच्या गोत्रातला वाटावा असा. मुरमावर तुरुतुरु पळतो आणि थांबला की खडा होऊन जातो. तिसरा भोवत्या, म्हणजे गवतावरून जमिनीलगत गिरक्या घेणारा शिकारी पक्षी. तो हिवाळी पाहुणा आहे, मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांतून येतो, इथे टोळ-नाकतोडे आणि उंदीर खाऊन राहतो. शिकारी पक्षी म्हटले की झाडावरची ढोली किंवा कडा आठवतो. हा मात्र रात्री उंच गवतात, जमिनीवरच झोपतो, आणि एकटा नव्हे तर दहा-वीसजण मिळून.

लांडगा मी प्रत्यक्ष एकदाच पाहिला. माघातली गोष्ट, चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेचे दिवस होते आणि यात्रा करून परतणाऱ्या एका धनगराने मामांच्या शाळवाच्या काढलेल्या रानात मेंढरे बसवली होती. मेंढरे बसवायची म्हणजे रात्रभर त्यांच्या लेंड्या-मुताने रान खतवायचे, आणि त्याबद्दल शेतकऱ्याने धान्य द्यायचे, असा हा जुना व्यवहार. पहाटे मी त्याच्याबरोबर माळाकडे चाललो होतो. ओघळीच्या काठाने एक धुरकट, लांब पायांचे जनावर चालले होते, मान खाली, घाई नाही. कुत्रे भुंकू लागले तसे ते थांबले, आमच्याकडे पाहिले आणि ओघळीत उतरले. मी म्हणालो, "अहो बाबा, हाकला की त्याला!" धनगर हसला. "त्यो रोजचा हाय. वर्सातनं दोन-चार कोकरं जात्यात. त्येचा वाटा त्यो नेतो, आमचं आमाला ऱ्हातंय." कोकरू गेल्यावर त्याला वाईट वाटत नसेल असे नाही, पण हिशेबात लांडगा धरलेला होता. काळवीट आणि ससे कमी झाल्यावर या भागातल्या लांडग्याचा बराचसा भार मेंढरांवरच आहे, म्हणजे मेंढरे माळावर फिरती राहिली तरच लांडगाही राहणार.

पाण्याने या मुलखाला दिलेही पुष्कळ. गोकाक तालुक्यात धुपदाळला घटप्रभेवर दगडी बंधारा आहे. त्याच्या फुगवट्याच्या परिसरात 1974 साली घटप्रभा पक्षी अभयारण्य झाले. हिवाळ्यात तिथे करकोचे येतात, मंगोलिया-कझाकस्तानच्या बाजूने, आणि युरोपातले पांढरे बलाकही. रात्र पाण्यात उभे राहून काढायची आणि दिवसा आसपासच्या रानात हरभरा, शाळू वेचायचा, असा त्यांचा दिनक्रम. गदग जिल्ह्यातल्या मागडी तलावावर पट्टकदंब हंस येतात. त्या तलावाला 2024 साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. या पक्ष्यांना तलाव जेवढा लागतो तेवढेच त्याच्या भोवतीचे कोरडवाहू रान लागते, ही बाब मात्र कौतुकाच्या बातम्यांत येत नाही.

आणि ते रानच बदलले आहे. कालवे आले, उपसा योजना आल्या, आणि नदीकाठची काळी जमीन पाहता पाहता उसाखाली गेली. मी याला वाईट म्हणायला बसलेलो नाही. माझ्या मामेभावंडांची शिक्षणे उसाच्या बिलावर झाली, आणि दुष्काळात जनावरे घेऊन छावणीला जाण्याची पाळी ज्यांच्यावर आली होती त्यांना कोणी कोरडवाहूची थोरवी सांगू नये. पण ऊस गोड लागला तरी मुळासकट खाऊ नये, असे आपणच म्हणत आलो. बाराही महिने पाणी धरल्यावर काळ्या जमिनीतल्या पाण्याची पातळी वर येते, तिच्याबरोबर क्षार वर येतात, पाणी उडून जाते आणि क्षार पृष्ठभागावर राहतात. कृष्णाकाठच्या कितीतरी रानांत उन्हाळ्यात मीठ सांडल्यासारखा पांढरा थर दिसतो. चोपण झाली म्हणतात. त्या जमिनीत शाळूही येत नाही.

प्राण्यांपुरते बोलायचे तर उसाने काहींना बरकत दिली. कोल्हा, रानडुक्कर, रानमांजर आणि मोर उसात सुखाने राहतात. ज्यांना दूरवर नजर लागते ते धाविक, पखुर्डी, काळवीट आणि माळढोक हटले, कारण दहा फुटी उसाच्या भिंतीआड त्यांना शत्रू दिसत नाही.

माळाचे दुखणे वेगळे आहे. सरकारी दप्तरात तो पडजमीन. बोलण्यातही आपण पड, बरड, ओसाड हेच शब्द वापरतो. त्यामुळे माळावर काही करायचे ठरले की ते चांगलेच असणार, असे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. कुठे मुरूम उपसतात, कुठे पत्र्याची शेड उभी राहते, आणि उरलेल्यावर पावसाळ्यात उत्साहाने खड्डे घेऊन झाडे लावतात. पहिल्या दोहोंबद्दल निदान कोणी तक्रार तरी करते. झाडांबद्दल करता येत नाही. जिथे निसर्गाने हजारो वर्षे गवतच ठेवले तिथे सुबाभूळ आणि निलगिरीच्या रांगा लावल्या की सावलीत कुसळी मरते, गवत गेले की टोळ जातात, टोळ गेले की भोवत्या येत नाही, आणि मेंढरांना बंदी झाली की धनगर वाट बदलतो. मी स्वतः महाविद्यालयात असताना अशाच एका माळावर चाळीस रोपे लावली होती आणि गटाने छायाचित्रही काढून घेतले होते. ते छायाचित्र अजून घरात आहे.

आजोळच्या गावाला एक गायरान आहे, साठ-सत्तर एकरांचे. गेल्या पाच-सहा वर्षांपासून मी जानेवारीत तिथे जाऊन संध्याकाळी भोवत्ये मोजतो. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी ते चारी दिशांनी येऊ लागतात, गवतावर बराच वेळ घिरट्या घालतात आणि मग एकेक करून, हात सोडल्यासारखे, खाली पडतात. यंदा गायरानाच्या अर्ध्या भागात खड्डे घेतलेले होते. भोवत्यांनी त्या भागावरून दोन-तीन फेऱ्या मारल्या आणि उरलेल्या गवतात उतरले. मी अकरा मोजले. मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांना लांबचे नीट दिसत नाही, तरी काठी टेकत बरोबर आले होते आणि बांधावर बसून होते.

"किती झाली म्हणायची, भाचेबुवा?"

"अकरा, मामा. गेल्या वर्षी सतरा होती."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग पुढच्या वर्षी मी नेमका कोणत्या तारखेला येणार ते विचारून घेतले, कारण जानेवारीत त्यांच्या उसाला तोड मिळण्याची शक्यता असते आणि टोळी आली की त्यांना रान सोडता येत नाही.